स्वस्त लीड, महाग ग्राहक: सोलर व्यावसायिकांसाठी क्लिकच्या जाहिरातींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छतावर सोलर बसवून देणाऱ्या छोट्या व्यावसायिकांच्या गूगल आणि फेसबुकवरच्या जाहिराती मी सांभाळतो. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर या पट्ट्यातली ही मंडळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर: मोफत वीज योजना' आली, गल्लोगल्ली सोलरवाले उभे राहिले, आणि तेव्हापासून मला तेच ते प्रश्न फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवली आहेत. त्यात 'लीड' म्हणजे जाहिरात बघून आपलं नाव-नंबर देणारा संभाव्य ग्राहक. उदाहरणं सोलरची असली तरी मॉड्युलर किचन, वॉटरप्रूफिंग किंवा क्लासवाल्यांनाही हिशोब हाच लागू पडेल.

दुसरी एजन्सी २०० रुपयांत लीड देते. तुम्ही ८०० म्हणता. आम्ही तुमच्याकडे का यावं?

आकडे मांडून बघू. समजा, दोन कॅम्पेनवर प्रत्येकी २०,००० रुपये खर्च झाले. पहिल्यात २०० रुपयांना एक अशा १०० लीड आल्या. त्यातल्या सहा जणांकडे गच्ची बघायला माणूस गेला आणि एक ऑर्डर मिळाली. दुसऱ्यात ८०० ला एक अशा २५ लीड आल्या, दहा साइट व्हिजिट झाल्या आणि चार ऑर्डर मिळाल्या. पहिल्यात एका ऑर्डरला २०,००० लागले, दुसऱ्यात ५,०००. महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये मात्र पहिलं कॅम्पेन चौपट चांगलं दिसतं, कारण त्यात हिशोब लीडपाशीच थांबलेला असतो.

शिवाय त्या १०० लीडना फोन कोण करणार? एकेका नंबरला सरासरी तीनदा फोन करावा लागतो. बोलणं आणि नोंद धरून दर वेळी पाच मिनिटं जातात. म्हणजे १,५०० मिनिटं, पंचवीस तास. टेलिकॉलरचे तीन दिवस त्यात संपतात आणि हा पगार जाहिरातीच्या खात्यात कुणीच लिहीत नाही. त्याहून वाईट म्हणजे दिवसभर "नको, नको" ऐकून ती व्यक्ती थकते, आणि संध्याकाळी खरं गिऱ्हाईक लागलं तरी त्याच थकलेल्या आवाजात बोलते.

मग एका लीडला जास्तीत जास्त किती मोजायचे?

उलटीकडून या. ३ किलोवॅटच्या कामात पॅनल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, मजुरी, महावितरणच्या फाइलची धावपळ हे सगळं वजा जाता तुमच्या हाती समजा २५,००० राहतात. त्यातले ८,००० जाहिरातीला द्यायची तुमची तयारी आहे. बारा लीडमागे एक ऑर्डर होत असेल, तर एका लीडला साधारण ६६६ रुपये परवडतात. जाहिरातीवर क्लिक करून तुमच्या वेबपेजवर आलेल्या शंभरांपैकी आठ जण फॉर्म भरत असतील, तर एका क्लिकला ५३ रुपये.

हे तीन आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात. ज्याची टीम सहा लीडमागे एक ऑर्डर काढते, त्याला लीड दुप्पट महाग घेऊनही परवडते. म्हणून "सोलरची लीड कितीला पडायला हवी" या प्रश्नाला मी आकडा सांगत नाही. आधी तुमची मागच्या तीन महिन्यांची वही बघतो.

जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. तुमची नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. नसेल तर तो तुमचाच खर्च आहे, वरच्या हिशोबात धरा.

खराब लीड म्हणजे नक्की कोणती?

हे मला स्क्रीनवर कळलं नाही. नाशिकला एका ऑफिसात टेलिकॉलर ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून एक दुपार बसलो होतो, तेव्हा कळलं. स्पीकरवर एकामागून एक फोन. "साहेब, ते मोफतवालं ना?" "मी कुठे फॉर्म भरलाय? पोराच्या हातात होता मोबाइल." "आमचा भाड्याचा फ्लॅट आहे, पण बिल फार येतं हो." "पाच एचपीच्या पंपाचं बघा ना, शेतावर बसवायचंय." एक गृहस्थ तर आयटीआय झालेल्या मुलासाठी काम आहे का, हे विचारत होते. ताई प्रत्येकापुढे वहीत फुली मारत होत्या. फुलीशेजारी कारण लिहायची पद्धत नव्हती.

त्या दिवसापासून मी पहिली गोष्ट हीच करायला लावतो: फुलीशेजारी एक शब्द लिहायचा. 'मोफत', 'भाडेकरू', 'पंप', 'नोकरी', 'बाहेरगाव', 'चुकीचा नंबर', 'फोन उचलला नाही'. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट होतं, कारण प्रत्येक कारणावरचा इलाज वेगळा आहे. 'पंप' आणि 'नोकरी' हा कीवर्डचा, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते त्यांचा दोष. 'बाहेरगाव' हा सेटिंगचा. 'भाडेकरू' आला म्हणजे फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं. 'चुकीचा नंबर' बहुतेक वेळा आपोआप भरल्या जाणाऱ्या फॉर्मचा. आणि 'फोन उचलला नाही' यात लीडइतकाच दोष आपल्या उशिराचाही असू शकतो. सगळ्यांना एकच 'बोगस' म्हटलं की दुरुस्तीला जागाच उरत नाही.

'मोफत' हा शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकला तर अर्धा त्रास संपेल ना?

निगेटिव्ह कीवर्ड म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दाखवू नको असं आपण गूगलला सांगतो ते शब्द. इथे जपून. योजनेच्या नावातच 'मोफत वीज' आहे. स्वतःचा बंगला असलेला, महिना तीन हजार बिल भरणारा माणूसही गूगलवर 'सूर्यघर मोफत वीज योजना' असंच टाइप करतो. सरसकट 'मोफत' अडवलंत की तोही गेला.

मी दोन भाग करतो. 'मोफत सोलर पॅनल', 'फ्री सोलर' असे जोडशब्द निगेटिव्ह यादीत. योजनेच्या नावाने होणारे शोध वेगळ्या कॅम्पेनमध्ये, कमी बोलीने (बोली म्हणजे एका क्लिकला किती मोजायची तयारी आहे तो आकडा), आणि त्या जाहिरातीत पहिल्याच ओळीत व्यवहार स्पष्ट: अनुदान २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये, ३ किलोवॅट आणि त्यापुढे जास्तीत जास्त ७८,०००, आणि ते यंत्रणा बसल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं. म्हणजे उरलेली रक्कम खिशातून किंवा कर्जातून भरायची आहे, हे क्लिक करण्याआधीच कळतं.

बाकी यादीत 'पंप', 'हीटर', 'झटका मशीन' (शेताच्या कुंपणाचं), 'लाईट', 'कोर्स', 'नोकरी', 'लाभार्थी यादी' हे शब्द हवेतच. राज्य सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेमुळे पंपाचे शोध प्रचंड आहेत. तो शेतकरी तुमच्याकडे चुकून येतो आणि त्याचाही वेळ जातो. निगेटिव्ह कीवर्डला समानार्थी शब्द कळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक शब्द देवनागरीत, रोमन लिपीत आणि इंग्रजीत असा तीनदा टाका. आपली माणसं तिन्ही तऱ्हांनी शोधतात.

आणखी एक गोष्ट. कीवर्ड नुसता लिहिला की गूगल तो ब्रॉड धरतं, म्हणजे त्या अर्थाच्या आसपासचं काहीही चालतं. अवतरणचिन्हांत लिहिला तर फ्रेज, म्हणजे शोधात त्या शब्दांचा अर्थ यायला हवा. चौकोनी कंसात लिहिला तर एक्झॅक्ट, म्हणजे शोधाचा अर्थ तोच हवा. बजेट लहान असेल तर सुरुवात फ्रेज आणि एक्झॅक्टने करा. 'सर्च टर्म्स' हा रिपोर्ट पहिला महिना दोन दिवसांआड उघडा. लोकांनी खरंच काय टाइप केलं ते तिथे दिसतं. मात्र २०२० पासून फार कमी लोकांनी केलेले शोध त्यात दाखवले जात नाहीत, त्यामुळे काही खर्च तुमच्या नजरेआडच राहतो. ब्रॉडबाबत सावध राहायचं हे आणखी एक कारण.

जाहिरातीत किंमत लिहावी का? लोक बिचकतात.

लिहावी. जे बिचकतात ते फोनवरही बिचकणारच होते, फक्त तेव्हा तुमचे क्लिकचे पैसे जाऊन बसलेले असतात. '३ किलोवॅट अमुक रुपयांपासून, अनुदान वेगळं' एवढं पुरे. क्लिक कमी होतात, लीड महाग दिसते, आणि साइट व्हिजिट तेवढ्याच राहतात किंवा वाढतात, असं मी बहुतेक खात्यांत पाहिलं आहे.

'सरकारमान्य शेवटची संधी', 'आजच मोफत नोंदणी' असली भाषा कृपा करून वापरू नका. सरकारी पोर्टल असल्याचा भास करणाऱ्या जाहिराती गूगलच्या नियमात बसत नाहीत, खातं बंद होऊ शकतं. आणि खातं वाचलं तरी, म्हाताऱ्या माणसाला फसवून मिळवलेला नंबर गच्चीपर्यंत नेत नाही.

फॉर्ममध्ये किती प्रश्न विचारायचे?

नाव आणि नंबर सोडून तीन. महिन्याचं वीजबिल साधारण किती? घर स्वतःचं आहे का आणि गच्ची कुणाच्या ताब्यात आहे? पिनकोड काय?

बिलाचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. महिना ४०० रुपये बिल असणाऱ्याला सोलरची घाई नसते. २,५०० वाला स्वतःहून आकडेमोड करत असतो. १ किलोवॅटला दिवसाकाठी साधारण ४ युनिट धरले तर ३ किलोवॅटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास होतात, हे त्याला आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. गच्चीच्या प्रश्नातून सोसायटीतले फ्लॅटधारक वेगळे निघतात. त्यांना टाकून देऊ नका. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपयांचं अनुदान आहे, पण तिथे निर्णय सर्वसाधारण सभेत होतो, त्यामुळे ती लीड वेगळ्या माणसाकडे आणि वेगळ्या धीराने द्यायची.

ग्राहक क्रमांक, मंजूर भार, बिलाचा फोटो हे सगळं फॉर्ममध्ये मागू नका. ते फोन झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. बिलाचा फोटो पाठवणारा माणूस म्हणजे निम्मं काम झालेलं असतं.

'चांगली लीड' कोणती हे गूगलला कळवता येतं म्हणतात. ते कसं?

येतं, आणि माझ्या मते खर्च आणि दर्जा यांचा मेळ घालण्यासाठी याहून मोठा उपाय नाही. तरी बहुतेक छोट्या खात्यांत तो केलेला नसतो.

आजचं बोली लावणं गूगलचं यंत्र करतं. तुम्ही त्याला 'कन्व्हर्जन', म्हणजे जाहिरातीचं यश म्हणून जे दाखवाल, तसलीच माणसं ते शोधून आणतं. फॉर्म भरणं म्हणजे यश असं सांगितलंत, तर फॉर्म भरायची सवय असलेले लोक आणतं. माझ्याकडून एकदा चूक झाली होती. फॉर्म आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावरचा टॅप, दोन्ही एकाच तोलाचे कन्व्हर्जन धरले. दोन महिने आकडे सुंदर दिसत होते, कन्व्हर्जनची किंमत घसरत होती. प्रत्यक्षात बटण दाबून एकही मेसेज न पाठवणाऱ्यांची गर्दी झाली होती. ग्राहकाचे ते पैसे परत आले नाहीत, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

काम असं चालतं. गूगलच्या जाहिरातीवर क्लिक झाला की वेबपेजच्या पत्त्याच्या शेपटीला एक लांबलचक खूण लागते, तिला जीसीएलआयडी म्हणतात. वेबसाइटवाल्याला सांगून फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना करून घ्या, म्हणजे नाव-नंबरासोबत ही खूणही तुमच्या शीटमध्ये येईल. मग ज्या लीडची साइट व्हिजिट झाली, ज्यांची ऑर्डर आली, त्यांच्या खुणा, तारीख आणि रक्कम आठवड्यातून एकदा गूगलकडे अपलोड करायच्या. तयार एक्सेल शीट मिळते, अर्ध्या तासाचं काम आहे.

रक्कम कशी ठरवायची? वरचाच हिशोब. एक ऑर्डर ८,००० ची धरली आणि तीन व्हिजिटमागे एक ऑर्डर होत असेल, तर व्हिजिटची किंमत २,७०० च्या आसपास. बिल, गच्ची, पिनकोड जुळणाऱ्या सहा लीडमागे एक ऑर्डर असेल, तर अशा लीडची १,३०० च्या आसपास. नुसत्या फॉर्मला शून्य किंवा अगदी किरकोळ रक्कम. एकाच माणसाची एकच पायरी दोनदा मोजली जाणार नाही आणि आधीच्या पायऱ्यांच्या रकमा त्यात मिळून फुगणार नाहीत, एवढं बघा.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. क्लिकला ९० दिवस उलटून गेले की ती खूण अपलोड होत नाही. बँकेचं कर्ज, घरच्यांची चर्चा, बांधकाम चालू अशा कारणांनी सोलरची ऑर्डर लांबते, म्हणून ऑर्डरची वाट न बघता व्हिजिट झाली की लगेच कळवा. दुसरं, यंत्राला शिकायला संख्या लागते. महिन्याला तीसेक कन्व्हर्जन असावीत असा या कामातला आडाखा आहे. तुमच्या ऑर्डर महिन्याला चारच असतील तर ऑर्डरवर बोली लावू नका. एक पायरी खाली या आणि 'योग्य लीड' हेच लक्ष्य ठेवा.

क्लिकच एवढा महाग का पडतो? नुसते पैसे वाढवले की वर जागा मिळते ना?

नुसत्या पैशांवर नाही. क्लिकमागे पैसे ही पद्धत १९९८ मध्ये अमेरिकेतल्या गोटू या सर्च साइटने रुजवली, आणि तिथे जास्त बोली तो वर, असा सरळ व्यवहार होता. गूगलने २००२ मध्ये क्लिकचा लिलाव आणला तेव्हा त्यात लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात हेही धरलं. आज जागा ठरते ती बोली, क्लिकची शक्यता, शोधलेल्या शब्दाशी जाहिरातीचा मेळ आणि पेजचा अनुभव या सगळ्यावरून. कीवर्डपुढे १ ते १० असा क्वालिटी स्कोअर दिसतो. तो ३ असेल तर तुम्ही शेजाऱ्यापेक्षा जास्त मोजूनही त्याच्या खाली दिसत असू शकता.

सोलरवाल्यांची पेजं बहुतेक एकसारखी असतात: निळं आकाश, परदेशी कौलारू घर, हसणारं कुटुंब. त्याऐवजी तुम्ही बसवलेल्या गच्चीचा फोटो लावा. सिंटेक्सची टाकी, कपड्यांची दोरी, कठड्याच्या कडेने नेलेली वायर, खाली महावितरणचा नेट मीटर. बघणाऱ्याला आपलीच गच्ची आठवते. आणि पेज साध्या मोबाइलवर, गावाच्या नेटवर्कवर उघडून बघा. दहा सेकंद पांढरं राहत असेल तर क्लिकचे पैसे तिथेच बुडतात.

फेसबुकवर लीड खूप स्वस्त मिळतात. सगळं बजेट तिकडे वळवू का?

गूगलवर माणूस शोधत आलेला असतो. फेसबुकवर तो पुतणीच्या लग्नाचे फोटो बघत असतो आणि मध्ये तुम्ही येता. ही लीड स्वस्त असणारच आणि कच्चीही असणार. तिथला फॉर्म नाव-नंबर आपोआप भरून देतो, त्यामुळे दोन टॅपमध्ये फॉर्म जातो आणि माणसाला आठवतही नाही. जुना बंद नंबर प्रोफाइलवर असेल तर तोच येतो. फॉर्म बनवताना जास्त संख्येऐवजी जास्त इराद्याचा प्रकार निवडा. त्यात पाठवण्याआधी माहिती तपासून पक्की करावी लागते. बिलाचा आकडा स्वतः टाइप करायला लावा. संख्या घटेल, घटू द्या. दोन्हीकडच्या खर्चाची तुलना मात्र साइट व्हिजिटवरच करा.

आम्ही फक्त नाशिक निवडलं होतं. मग बिहारमधून फोन कसे आले?

ठिकाणाच्या सेटिंगमध्ये 'तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले' हा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. तो बदलून फक्त 'तिथे असलेले' करा. सर्च कॅम्पेन उघडताना डिस्प्ले नेटवर्क (इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर (गूगलशी जोडलेल्या इतर शोध-साइट) यांच्या खुणाही आधीच केलेल्या असू शकतात. सुरुवातीला दोन्ही काढा. भाषा निवडायचा पर्याय दिसत असेल तर मात्र मराठीसोबत इंग्रजी आणि हिंदी ठेवा, कारण अस्सल मराठी घरातही फोनची भाषा बहुतेक वेळा इंग्रजीच असते.

रोजचं बजेट १,००० ठेवलं, पण एका दिवशी १,८०० गेले. फसवणूक आहे का?

नाही. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा खर्च मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपलीकडे जात नाही. मध्येच बजेट बदलत राहिलात तर हा हिशोब गोंधळतो.

समोरचा दुकानदार आमच्या जाहिरातीवर मुद्दाम क्लिक करतो.

करत असेलही. असे अवैध क्लिक गूगल गाळतं, आणि नंतर सापडले तर त्याचे पैसे खात्यात जमा करतं. रिपोर्टमध्ये 'अवैध क्लिक' हा रकाना उघडून बघा. माझ्या अनुभवात याने जाणारे पैसे 'सोलर पंप'सारख्या चुकीच्या शब्दांवर जाणाऱ्या पैशांच्या जवळपासही नसतात.

लीड चांगल्या आहेत असं तुम्ही म्हणता, पण ऑर्डर होत नाहीत.

मग फोनची वेळ बघू. रात्री दहाला जेवणं आटोपून, बिल हातात घेऊन माणूस फॉर्म भरतो. त्याच वेळी तो आणखी तिघांचे फॉर्म भरतो. तुमचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता जातो, तोवर एकाची गच्ची मोजूनही झालेली असते. रात्री फोन करणं जमत नसेल तर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या नावाने दोन ओळी जाऊ द्या आणि सकाळी नवाला पहिला फोन त्यालाच करा. तेही जमत नसेल तर जाहिरात उचलता येईल त्याच तासांत चालवा. एप्रिल-मेमध्ये बिलं वाढतात आणि लीडची झुंबड उडते. तेव्हा बजेट वाढवायच्या आधी फोन उचलणारं माणूस वाढवा.

किती दिवसांत निकाल बघायचा?

चुकीचे शब्द पहिल्या आठवड्यात दिसतात, ते लगेच काढा. लीडच्या दर्जाबद्दल महिन्याने बोलता येतं. ऑर्डरच्या खर्चाबद्दल तीन महिन्यांआधी ठाम बोलू नका. दर चार दिवसांनी बोली, बजेट, जाहिरात सगळं एकदम बदललं की यंत्र पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागतं, आणि कशाने काय झालं हे आपल्यालाही कळत नाही.

एजन्सीकडून दर महिन्याला काय मागावं?

चार आकडे: एकूण खर्च, योग्य लीड, साइट व्हिजिट, ऑर्डर. यातले शेवटचे दोन तुम्हीच एजन्सीला द्यायचे आहेत. ते दिले नाहीत तर एजन्सी लीडच्या संख्येवरच काम करणार. सर्च टर्म्सचा रिपोर्ट आणि त्या महिन्यात कोणते शब्द अडवले त्याची यादीही मागा. आणि जाहिरातीचं खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा, एजन्सीला फक्त प्रवेश द्या. मागच्या वर्षी एका व्यावसायिकाने एजन्सी बदलली. खातं जुन्या एजन्सीच्या नावावर होतं. दोन वर्षांच्या निगेटिव्ह शब्दांची यादी आणि कन्व्हर्जनचा सगळा इतिहास तिकडेच राहिला. जूनमध्ये आम्ही कोऱ्या खात्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी सकाळी आलेला पहिला शोध होता 'सोलर झटका मशीन किंमत'.